पांढऱ्या पानावरची पांढरी अक्षरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती होती तोवर रोज सकाळी समोरासमोर बसून चहा व्हायचा, त्यामुळे संधी मिळाली नाही असं म्हणायला जागा नाही. विषय जवळपास आला की मी पेपर उघडायचो. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, समोरची खुर्ची रिकामी आहे आणि पेपरातली अक्षरं पुसट दिसतात. तोंड लपवायला काही उरलं नाही, म्हणून लिहितो.

दिवाळी सरली की पुण्याची हवा आठवड्याभरात कोरडी होते. ओठ फुटतात, टाचा खरखरतात, पावसाळाभर चौकटीत घट्ट बसलेलं दार एका बोटाने उघडतं. लाकूड ओल सोडतं. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. मला दरवर्षी लागतो. यंदा तर खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी पेटी शिकायला घेतली आहे. संध्याकाळी त्या सरगम वाजवतात आणि वरचा एक सूर दाबला की तसाच अडकून ओरडत राहतो. त्या थांबतात, पट्टी नखाने वर उचलतात, पुन्हा सुरुवात करतात. मला वर बसून कळतं की पावसाळ्यात ओलीने फुगलेली पट्टी अजून उतरलेली नाही, कडेने हलकी कानस मारावी लागेल. हे कळण्याइतका मी एके काळी त्या वासात बसलो आहे.

तो वास सरसाचा, लाकूड आणि चामडं चिकटवायच्या. कसबा पेठेत उस्मानभाईंचं दुकान होतं, पेट्या बनवायचं आणि दुरुस्त करायचं. दुकान कसलं, बोळच. एका बाजूला उतरत्या फळीवर सागवानाचे तुकडे, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांच्या पेट्या एकावर एक. दिवाळीनंतरचा महिना-दीड महिना त्यांचा हंगाम. पावसाने पट्ट्या अडकलेल्या असतात, भात्याचं चामडं सुटलेलं असतं, आणि हिवाळ्यात गाण्याच्या बैठका सुरू होणार म्हणून अख्ख्या गावाला एकदम आपापली पेटी आठवते. भजनी मंडळाची, शाळेची, गाण्याच्या क्लासची, कुणाच्या वारलेल्या आत्याची. उस्मानभाई पितळेची जीभ असलेला एकेक सूर काढून तोंडापाशी धरत, हलकेच फुंकत, कानसेने केसभर घासत, पुन्हा फुंकत. मधे कुणी बोललं तर मान वर न करता म्हणत, "थांबा, हा बोलतोय."

मी तिथे पेटी घेऊन गेलो नव्हतो. मी त्यांचा वेबमास्टर होतो. हा शब्द मी व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतला होता आणि तो वाचताना मला बरं वाटायचं. आज सांगताना ओशाळायला होतं.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात होतो. उदारीकरण हा शब्द आधी आम्ही पेपरात वाचला, मग काही वर्षांनी तो आमच्या ऑफिसात आला. एका सोमवारी पोहोचलो तर ड्रॉइंग बोर्ड मागच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि आत टेबलांवर कॉम्प्युटर. त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचे कागद फिरले. त्यातली स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नसतं. बावन्नाव्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात विदर्भातून आलेल्या मुलामुलींच्या मधे जाऊन बसलो. ती मला काका म्हणत आणि माऊस धरायला शिकवत. मी शिकलो. जिद्दीने शिकलो, कारण आपण निकामी झालो आहोत हे वाक्य एकदा ऐकून झालं होतं आणि दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढे जे झालं त्याचं हे कारण असू शकेल. सबब मात्र होऊ शकत नाही.

वेबसाइट करून देणारी आमच्यासारखी दोन-चार माणसं रोज सकाळी एका अमृततुल्यात जमत. माझ्याकडे पाच गिऱ्हाइकं होती: एक लोणच्यावाल्या बाई, कात्रजकडचं एक लॉज, एक बाइंडर, एक ट्रॅव्हलवाला आणि उस्मानभाई. प्रत्येकाच्या खिशात वही. सायबर कॅफेत बसून सर्च इंजिनमध्ये ठरलेले शब्द टाइप करायचे आणि आपलं गिऱ्हाईक कितव्या नंबरवर दिसतं ते वहीत उतरवायचं, हा आमचा नित्यनेम. नंबर महिन्यातून एकदा हलत. का हलत, कोण हलवत, कुणाला ठाऊक नव्हतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी कुणीतरी काहीतरी फिरवत असे आणि इथे आमचा चहा थंड होत असे. आमच्यातले बापट बँकेतून निवृत्त झालेले. ते एकदा वही मिटून म्हणाले, "काल पहिल्या पानावर होतो. आज मिसिंगची तक्रार द्यावी लागणार." याच बापटांनी आपल्या वहीवरून शोध लावला की नंबर बहुधा अमावास्येच्या आसपास हलतात. तेव्हापासून चहावर एक नियम झाला: अमावास्येच्या तोंडावर पानाला हात लावायचा नाही. कुणी काही बदलायला निघालं की दुसरा विचारायचा, तिथी बघितली का. विनोदच तो. त्यावर विश्वास कुणाचाच नव्हता, माझाही नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

माझं गुपित वेगळंच होतं. उस्मानभाईंच्या साइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी मी शब्दांची रास ओतली होती. हार्मोनियम, पेटी, दुरुस्ती, पुणे, मुंबई, भजन, कीर्तन, गझल, आणि दहा शहरांची नावं, तीच तीच, शंभरदा. पान पांढरं आणि अक्षरंही पांढरी. वाचणाऱ्याला तिथे कोरी जागा दिसे, सर्च इंजिनला मात्र शब्द दिसत, आणि त्याला वाटे की जगात पेटीबद्दल एवढं बोलणारं दुसरं दुकान नाही. ही युक्ती मी परदेशी वेबमास्टरांच्या एका चर्चेच्या पानावर वाचली होती. पाचही गिऱ्हाइकांच्या साइटवर ती केली. उस्मानभाई पहिल्या पानावर आले. परदेशातल्या मंडळांची पत्रं येऊ लागली. एक जुनं दुकान जगाला दिसू लागलं, आणि ते मी दाखवलं, याचा मला अभिमान होता. पांढरी अक्षरं मी कुणाला सांगितली नाहीत.

पत्रांना उत्तरं तस्नीम द्यायची. उस्मानभाईंची मधली मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजातून येताना गल्लीतल्या सायबर कॅफेत बसून ती ईमेल वाचायची, वडिलांना मराठीत सांगायची, त्यांचं उत्तर इंग्रजीत लिहायची. तिला कुतूहल फार. पान कसं बनतं हे विचारलं, मी दाखवलं. दोन महिन्यांत ती माझ्यापेक्षा नीटस लिहू लागली. मीच उस्मानभाईंना म्हटलं, हिला रीतसर क्लासला घाला, हिच्या हातात हे आहे. त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "तुम्ही म्हणताय ना साहेब, मग झालं," म्हणाले. त्या घरात माझ्या शब्दाला एवढं वजन होतं.

दिवाळीच्या थोडं आधी तिने एक नवं पान लिहिलं, पावसाळ्यात पेटी कशी सांभाळावी याबद्दल. वडील जसं बोलत तसंच्या तसं, साध्या इंग्रजीत. पेटी भिंतीला लावून ठेवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड घ्या. आत कडुलिंबाचा पाला ठेवा. आणि रोज दहा मिनिटं वाजवा, कारण न वाजवलेली पेटी लवकर आजारी पडते. हे शेवटचं वाक्य वाचून मी हसलो होतो. ती म्हणाली, "काका, टाकू का साइटवर?" मी लोणच्यावाल्या बाईंच्या कामात होतो. स्क्रीनवरून नजर न काढताच म्हटलं, टाक.

तिने विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, दुकानात पेट्यांची रास लागली, आणि एका सकाळी उस्मानभाई गायब. मी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, पाहत पाहत तिसाव्या पानापर्यंत गेलो. शेजारच्या कॉम्प्युटरवर बापट आपल्या गिऱ्हाइकाला शोधत होते. एरवी नंबर दोन-चार पायऱ्या इकडेतिकडे होत. या वेळी कुणीतरी अख्खी चादरच झटकली होती. परदेशी चर्चेच्या पानावर जगभरचे लोक टाहो फोडत होते: माझी साइट गेली, दहा वर्षांचं काम गेलं, मी काय केलं. दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी शांतपणे लिहिलं की बहुतेक लपवलेल्या शब्दांच्या साइट उडाल्या आहेत. मी ते दोनदा वाचलं आणि खिडकी बंद केली.

माझ्या पाचही साइट गेल्या होत्या. त्यातल्या चार साइटचं तस्नीमने तोंडही पाहिलं नव्हतं. म्हणजे मला कळायचं काही शिल्लक नव्हतं.

दुपारी दुकानात गेलो. उस्मानभाई एका भात्याला चामडं चिकटवत होते. कॅनडातल्या एका मंडळाने फोन करून सांगितलं होतं की तुम्ही आता दिसत नाही, दुकान बंद केलं का. ते रागावले नव्हते. त्यांच्या आवाजात काळजी होती, ती माझ्यासाठीही होती. "काय झालं असेल हो साहेब?" त्यांनी विचारलं. तस्नीम फळीपाशी उभी होती, हातात सुरांची डबी.

आता सांगतो ते सांगायला मला वीस वर्षं लागली. मी तिच्याकडे वळलो आणि विचारलं, मधे कुणी पानांना हात लावला होता का. उत्तर माहीत असून विचारलं. ती म्हणाली, "मी ते पावसाळ्याचं पान टाकलं, काका."

मी कपाळाला हात लावला. खरोखर लावला, नाटकातल्यासारखा. म्हटलं, "ऐन अमावास्येच्या तोंडावर? अगं, या दिवसांत हात लावायचा नसतो. विचारायचं तरी मला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तुम्हाला विचारलं होतं, एवढंच तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. वडिलांसमोर, वडिलांच्या वयाच्या माणसाला खोटं पाडायचं, हे त्या घरात शिकवलेलं नव्हतं. तिच्या या चांगल्या वळणाच्या आड मी लपलो. उस्मानभाईंनी पोरीकडे पाहिलं, मग हातातल्या चामड्याकडे, आणि म्हणाले, "जाऊ दे. मुलं आहेत. होतं." मग मी सायबर कॅफेत तिला शेजारी बसवून तिचं पान तिच्याच डोळ्यांदेखत काढून टाकलं. दुरुस्ती म्हणून. ती खुर्चीवर सरळ बसली होती. रडली असती तर कदाचित माझ्याने राहवलं नसतं. कदाचित. मी स्वतःबद्दल आता फार खात्रीने बोलत नाही.

बापटांना मी हेच सांगितलं, की उस्मानभाईंच्या मुलीने मधे काहीतरी केलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. "आणि तुमचं लोणचं? लॉज? ते कुणी केलं?" मी म्हटलं, तिथेही कुणीतरी हात लावला असेल. बापट म्हणाले, "तुमच्या साइटना हात लावणारे फारच भेटतात बुवा." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. पण माझ्यासाठी बाकावर सरकून जागा करणंही त्यांनी बंद केलं, हे मला जाणवायचं.

त्याच हिवाळ्यात उस्मानभाई आमच्या घरी आले. पहिल्यांदाच आले होते. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. तस्नीमने क्लास सोडला होता. घरून कुणी काही म्हटलं नव्हतं, उलट आई-वडील दोघं रोज जा म्हणत होते. ती म्हणे, माझ्या हाताने बिघडतं, मला नको. कॅफेतसुद्धा जात नव्हती. ईमेलची पत्रं आता धाकटा चुलतभाऊ वाचायचा, अडखळत. "तुमचं ऐकेल ती," उस्मानभाई म्हणाले. "एकदा तिला सांगा की तिची चूक नव्हती. खोटं सांगा पाहिजे तर."

खोटं सांगा म्हणाले. मला खरं सांगायचं होतं, आणि तेही नुसतं एक वाक्य. बायको आतून पोहे घेऊन आली आणि म्हणाली की जा ना, पोर हुशार आहे. मी म्हटलं, बघतो, या वयात मुलं अशी रुसतात, येईल वळणावर. उस्मानभाईंनी पोहे संपवले, बायकोला हात जोडले आणि जिना उतरून गेले. त्यांच्या सदऱ्याला सरसाचा वास होता. तो खोलीत बराच वेळ राहिला.

संक्रांतीच्या आसपास मी पाचही साइटवरची पांढरी अक्षरं पुसली. चर्चेच्या पानावर आता म्हणत होते की खरा, कामाचा मजकूर द्या, लोक वाचतील असा. माझ्याकडे असा मजकूर एकच होता. तस्नीमचं पान मी गुपचूप परत टाकलं. उन्हाळा संपता संपता उस्मानभाई पुन्हा दिसू लागले, आणि लोक येत होते ते त्याच पानावरून. कुठल्या कुठल्या देशांतून, वेबमास्टर म्हणून माझ्याच ईमेलवर, पत्रं आली, की न वाजवलेली पेटी आजारी पडते हे वाक्य फार आवडलं. उस्मानभाई पेढे घेऊन आले. म्हणाले, "साहेब, तुम्ही होतात म्हणून." मी पेढा खाल्ला. पान कुणाचं हे सांगितलं नाही. तस्नीम साइट बघत नव्हती, त्यामुळे तिला कळायचा प्रश्न नव्हता.

दोन-तीन वर्षांनी मी ते काम सोडलं. डोळे, बायकोचं आजारपण, कारणं पुष्कळ होती. उस्मानभाई गेले तेव्हा मी शहरात होतो. गेलो नाही. फोन करून चुलतभावाशी बोललो आणि स्वतःला सांगितलं की कळवळा पोहोचला.

आणि मग गेल्या वर्षी, याच कोरड्या दिवसांत, सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. डोळ्यांत थेंब घातले होते. समोरचं सगळं वितळलेलं, माणसं म्हणजे नुसते रंग. शेजारच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, ओळखलंत का? तस्नीम." आईला दाखवायला आणलं होतं. आवाज तोच, जरा खाली उतरलेला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. एक निळसर ओढणी आणि तिच्या वर एक उजळ डाग, एवढंच.

ती बोलत होती. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा तिने हेडबाईंना सांगून लायब्ररी मागून घेतली. "अजून हात लावायची भीती वाटते," म्हणाली आणि हसली. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, आईला चिडवते. मी विचारलं, कुठल्या वर्षाला. हे मला विचारता आलं.

मग ती म्हणाली, "काका, एक सांगायचं राहिलं होतं. ती साइट माझ्यामुळे गेली. तुम्ही इतकी मेहनत केली होती. तुम्ही हो म्हणालात ते कामाच्या गडबडीत, मीच नीट दाखवायला हवं होतं. अब्बा होते तोवर बोलायचं धाडस झालं नाही. मला माफ करा."

मी म्हटलं, "असू दे, बाळ. किती जुनी गोष्ट."

असं म्हणालो मी. तिची माफी घेतली. हात पुढे करून, एखादी पडलेली वस्तू कुणी उचलून द्यावी तशी घेतली. तेवढ्यात सिस्टरने माझं नाव पुकारलं, तिनेच मला दंडाला धरून दारापर्यंत नेलं, आणि तपासून बाहेर आलो तेव्हा दोन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या. तिची शाळा कुठली, हे मी विचारलं नव्हतं. शोधलं तर सापडेल. वर्ष झालं, मी शोधलेलं नाही.

तिला सांगायचं ते इतकंच आहे. तस्नीम, तू मला विचारलं होतंस, आणि मी हो म्हटलं होतं, हे मला त्याही दिवशी आठवत होतं. तू काही बिघडवलं नव्हतंस. साइट माझ्या लबाडीने गेली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ती परत आली ती तुझ्या पानाने. तुझे वडील माझ्या घरी हेच मागायला आले होते. त्या दिवशी दवाखान्यात माफी मागायची होती ती मी. तू मला माफ कर असं म्हणायचाही हक्क मला उरला नाही, तरी म्हणतो.